बेहराम पाशाची नाडी

फनारच्या, म्हणजे सुलतानाच्या राजधानीतल्या ग्रीक वस्तीच्या धक्क्यावर होडीत पाय टाकता टाकता आर्गिरिसला मागून कुणीतरी 'हकीम' अशी हाक मारली आणि त्याचा पाय शेवाळलेल्या पायरीवरून सटकला. पडला नाही तो. होडीवाल्यानं दंड धरला, फरचा झगा तेवढा गुडघ्यापर्यंत भिजला. धक्क्यावर मासे निवडत बसलेल्या बायकांपैकी एक दुसरीला म्हणाली, "पाशाची जीभ घसरली गं!" दोघी खाली मान घालून हसल्या. आर्गिरिसनं ते ऐकलं. चौदा वर्षं तो अशी वाक्यं ऐकत होता आणि ऐकली नाहीत असा चेहरा करत होता. दरबारच्या मुख्य दुभाष्याला तो चेहरा यावाच लागतो. पण 'हकीम' हा शब्द त्याच्या तयारीतला नव्हता. मागे वळून बघितलं तर बेहराम पाशाचा शिपाई उभा होता. तरणाताठा, कमरेला खंजीर, तोंडात काहीतरी चघळत.

"हकीम आर्गिरिस तूच ना? पाशांनी बोलावलंय."

"मी दुभाष्या आहे. पाशांकडेच निघालोय."

"मला हकीम सांगितलाय, मी हकीमच नेणार. दुभाष्या हवा तर घरी ठेवून ये," असं म्हणून शिपाई त्याच्या आधी होडीत चढला आणि गादीवर ऐसपैस बसला. आर्गिरिसला समोरच्या ओल्या फळीवर बसावं लागलं.

दक्षिणेचा वारा तीन दिवस सुटला होता. तो सुटला की या शहराचं डोकं दुखतं. गाढवं चालत नाहीत, बायका पोरांना झोडपतात, काझी शिक्षा वाढवून देतात. खाडीचं पाणी डाळीच्या पाण्यासारखं गढूळ झालं होतं आणि होडीच्या बुडाला थपडा मारत होतं. हकीम. तो शब्द दाढेत अडकलेल्या मांसाच्या रेषेसारखा त्याच्या जिभेला लागत राहिला. पादुआच्या विद्यापीठात सहा वर्षं काढून तो हकीम होऊन आला होता, तेव्हा बापानं फनारच्या अर्ध्या गल्लीला जेवण घातलं होतं. पुढची अकरा वर्षं त्यानं ताप, मुतखडे, बाळंतिणी आणि प्लेग पाहिला. मग एके दिवशी एका जुन्या वजिराचं पोट दाबून बघताना उशाशी पडलेलं व्हेनिसचं पत्र त्यानं सहज वाचून दाखवलं. वजीर पोटदुखी विसरून उठून बसला. त्या दिवसापासून माणसांच्या पोटात काय आहे ते बघायचं त्याचं बंद झालं. त्यांच्या बोलण्यात काय आहे तेवढं बघायचं उरलं. ख्रिस्ती माणसाला नसते ती दाढी ठेवायची मुभा मिळाली, घोड्यावर बसायची मुभा मिळाली, फरचा झगा मिळाला. फनारच्या लोकांनी आधी त्याचे हात चुंबले, मग त्याच्याकडून कामं करून घेतली, आणि मग कामं करून दिल्याबद्दलच त्याला कधी माफ केलं नाही. धर्मपीठातले पाद्रीसुद्धा मागच्या दारानं येत, अर्ज द्यायचे आणि पुढच्या दारावरून जाताना नजर चुकवायचे. त्यालाही ते सगळे नकोसे होते. त्यांच्या लसणाचा वास, त्यांच्या उपासांच्या बढाया, दुसऱ्याच्या घरावर आलेलं संकट बघताना त्यांच्या डोळ्यांत येणारी ती ओलसर चमक. तुर्क नकोसे होते ते वेगळ्या कारणानं. आणि खाडीपलीकडच्या गलाट्याचे फिरंगी वकील, जे त्याच्याशी लॅटिनमध्ये गोड बोलत आणि आपल्या राजांना लिहिताना त्याला 'तो कोल्हा' म्हणत, ते तर जास्तच. ती पत्रं तोच उघडून वाचत असे.

पाशाच्या वाड्यात त्याला नेहमीच्या दिवाणखान्यात नेलं नाही. मागच्या जिन्यानं वर नेलं. खोलीत शेगडी पेटलेली होती, खिडक्या बंद होत्या, आणि दारातच त्याला तो वास आला. धातूचा, कुजक्या तोंडाचा, लाळेचा. त्याचं डोकं काही ठरवायच्या आत नाकानं सगळं ओळखलं. पादुआच्या गुरुजींनी एकदा त्यांना होडीनं मुरानोच्या काचेच्या कारखान्यांत नेलं होतं, आरशांना पारा लावणारे कामगार दाखवायला. थरथरणारे हात, गळणारी लाळ, हिरड्यांवर निळसर काळी रेघ. 'ही रेघ एकदा बघून ठेवा,' गुरुजी म्हणाले होते, 'मग विसरता येणार नाही.' आणि खरंच, पंचवीस वर्षांत त्यानं गुरुजींचं नाव विसरून दाखवलं होतं, पण ती रेघ नाही.

बेहराम पाशा लोडाला टेकून बसला होता. आडदांड माणूस वाळून अर्धा झाला होता. गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय फडक्यांत गुंडाळलेले. मांडीवरचा हात आपोआप हलत होता, जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखा. दरबारात गेले दोन महिने तो मोठ्या पडद्यामागून बोलत होता. आवाज कमी झालाय एवढंच आर्गिरिसच्या लक्षात आलं होतं. पाशानं नोकरांना हातानंच बाहेर घालवलं.

"बस. लांब नको, इथं. मला मोठ्यानं बोलवत नाही."

आर्गिरिस गुडघ्यांवर बसला.

"माझे हकीम म्हणतात, मी बरा होतोय," पाशा म्हणाला. "रोज सकाळी म्हणतात. माझा जावई म्हणतो, तुमचा चेहरा आज उजळ दिसतोय. आरसा सगळीकडून काढून ठेवलाय त्यानं. सुलतानांकडून रोज खुशाली विचारायला माणूस येतो. तो माझ्याकडे कमी बघतो, माझ्या खुर्चीकडे जास्त. आता तू सांग."

"हुजूर, चौदा वर्षं मी नाडी धरलेली नाही."

"म्हणूनच बोलावलंय. आणि अजून एका कारणानं." पाशानं रुमालानं हनुवटीवरची लाळ पुसली. "नऊ वर्षं तू माझा द्वेष करतोस. रोज सकाळी माझ्यासमोर वाकतोस आणि मनात मला शिव्या घालतोस. मला माहीत आहे. मला ते आवडतं. बाकी सगळ्यांचं माझ्यावर प्रेम आहे आणि बघ माझी काय दशा झालीय. जो मला मेलेला बघायला बसलाय, तोच मला खरं सांगेल. लपवायचं त्याला काय कारण?"

असं म्हणून त्यानं हात पुढे केला. मनगट वर करून.

आर्गिरिसनं त्या मनगटाकडे बघितलं. याच हातानं नऊ वर्षांपूर्वी डॅन्यूबच्या काठच्या छावणीत एक कागद त्याच्यासमोर धरला होता. जर्मन सेनापतीचं लॅटिन पत्र. त्याचा तर्जुमा झानिसनं केला होता. आर्गिरिसचा धाकटा भाऊ, दुसरा दुभाष्या, एकतीस वर्षांचा. जो लॅटिन बोलताना अजूनही वाक्याच्या शेवटी विचारल्यासारखा आवाज चढवायचा. पत्रात लिहिलं होतं, हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या संत दिमित्रीच्या सणापर्यंत आम्ही थांबू. झानिसनं तसंच लिहिलं. पाशानं त्यावर विसंबून अर्धं सैन्य हिवाळ्यासाठी मागे पाठवलं, आणि जर्मनांनी सणाच्या बारा दिवस आधीच पूल घेतला. जर्मन खोटं बोलले होते. पण जर्मनांना फाशी देता येत नव्हती. तंबूत सगळे सरदार उभे होते, आणि पाशानं आर्गिरिससमोर कागद धरून विचारलं होतं, 'तू थोरला. तू पादुआला शिकलास. हा शब्द थांबू असाच आहे, की थोपवू असाही होतो?' थोपवू असेल, तर पत्रात वचन नव्हतं, धमकी होती, आणि चूक झानिसची ठरली असती. तसा अर्थ होत नव्हता. पादुआच्या कुठल्याही कोवळ्या विद्यार्थ्यानं सांगितलं असतं की होत नाही. पण पाशाच्या डोळ्यांत हवं ते उत्तर आधीच लिहिलेलं होतं, आणि तंबूत दुभाषे दोनच होते. तो म्हणाला होता, 'हुजूर, दोन्ही अर्थ निघतात.' खोटंसुद्धा धड नव्हतं ते. धड खोटं बोलायलाही धीर लागतो. तासाभरात झानिसला तंबूंच्या मागे नेऊन लटकावलं. आर्गिरिस पाशाच्या तंबूसमोर चिखलात गुडघ्यांवर बसून ओकत होता, तेव्हा तिथून एक घोडेवाला गेला. त्यानं परत आल्यावर फनारमध्ये सांगितलं की मोठ्या भावानं धाकट्यासाठी पाशाच्या तंबूपुढे गुडघे टेकले होते, रडत होता. झानिसची बायको झाफिरा, तान्ही मुलगी कडेवर घेऊन, आर्गिरिस छावणीतून परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी राहायला आली. त्याची स्वतःची बायको प्लेगमध्ये गेली होती, घर रिकामं होतं. झाफिरानं त्याचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. 'भावजी,' ती म्हणाली, 'तुम्ही त्याच्यासाठी पाशाचे पाय धरलेत.' तेव्हा सांगायला हवं होतं. ती वेळ गेली. मग उपास आले, सण आले, मुलगी चालायला लागली, आणि झाफिरा रोज त्याच्या ताटाशी बसून त्याला हवं-नको बघत राहिली. या सबंध शहरात त्याच्याशी माणसासारखं वागणारी ती एकटी होती, आणि तिचीच नजर त्याला सगळ्यात सोसत नव्हती.

"घाबरतोस का?" पाशा म्हणाला. "धर की."

आर्गिरिसनं तीन बोटं मनगटावर ठेवली. कातडी गरम आणि कागदासारखी कोरडी होती. क्षणभर काहीच लागलं नाही, आणि त्याला वाटलं, गेलं, ते सगळं आपल्या बोटांतून गेलं. मग बोटं आपणच किंचित सरकली, किंचित दाबली गेली, आणि नाडी आली. बारीक, घाईची, पण एका लयीत; तळाशी दम धरून असलेली. हा माणूस मरत नव्हता. याला मारलं जात होतं, तेही कुणी मुद्दाम नव्हे. पायांवरच्या जखमांना कुणीतरी महिनोन् महिने पाऱ्याचं मलम चोळत होतं, आणि जखमा चिघळल्या की आणखी चोळत होतं. मलम कुणाचं ते त्याला विचारायचीही गरज नव्हती. हकीम फान्तिनोस. क्रीटचा. पादुआला त्याच्याच बाकावर बसायचा. प्रत्येक रोगावर पारा, प्रत्येक प्रश्नावर तेच पाठ केलेलं उत्तर. गाढव, पण दुष्ट नव्हे.

बोटांखाली नाडी उडत राहिली आणि आर्गिरिसला कळलं की नऊ वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते त्याच्या हातात आहे. काही करायचं नव्हतं. विष नको, सुरा नको. नुसतं म्हणायचं, हुजूर, फान्तिनोसचं औषध योग्य आहे, चालू ठेवा. ईस्टरच्या आत बेहराम पाशा मातीत जाईल, आणि जगातला कुठलाही काझी आर्गिरिसला दोष देणार नाही. ओठांपर्यंत ते वाक्य आलंसुद्धा. आणि खरं सांगितलं तर? 'मलमानं तुमची ही गत केली' म्हटलं, की पाशा त्याला विष म्हणणार आणि संध्याकाळच्या आत फान्तिनोस खाडीच्या तळाशी. पुन्हा एक माणूस त्याच्या एका वाक्यावर मरणार. झाफिरा त्याला काय म्हणेल, झानिस त्याला काय म्हणाला असता, यातलं काहीच त्याला सुचलं नाही. त्याला फक्त बोटं जाणवत होती. पन्नाशी उलटलेली, शाईनं काळवंडलेली ती बोटं सांगत होती, हा जगेल; आणि त्याला राग येत होता, या बोटांना कुणी विचारलं होतं?

"पायांना लावताय ते मलम," तो म्हणाला, "आजपासून बंद करा. फडकी जाळा. खिडक्या उघडा. दूध, बार्लीचं पाणी, अंडी. दहा दिवसांत लाळ थांबेल. दात दोन-तीन जातील. तुम्ही राहाल."

पाशाचे डोळे बारीक झाले, आणि आर्गिरिसनं दरबारात हजारदा बघितलेला बेहराम पाशा त्या वाळक्या चेहऱ्यातून बाहेर आला.

"म्हणजे मलमात विष होतं."

"नाही हुजूर. ते हिवाळ्याचं औषध आहे. थंडीत त्यानं त्याचं काम केलं. आता हवा बदलली, काम संपलं. हकीम सांगायला विसरला इतकंच."

"हा तर्जुमा झाला," पाशा म्हणाला. "मूळ सांग."

"मूळ हेच आहे."

"आर्गिरिस, मी तीस वर्षं दुभाष्यांत काढलीत. कुणी गुळगुळीत बोललं की मला कळतं. फान्तिनोसनं मला मारायला घेतलं होतं की नाही?"

"नाही. यात दुसरा अर्थ निघत नाही."

पाशा हसला. हसताना हिरड्या दिसल्या, निळसर काळ्या रेघेसकट. "तेव्हा निघाला होता."

नऊ वर्षांत ते दोघंही याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. आर्गिरिसच्या तोंडून उत्तर गेलं तेव्हा त्याला आपलाच आवाज ओळखू आला नाही. "तेव्हा तुम्हाला हवा होता."

"खरंय," पाशा म्हणाला. "मला हवा होता. मला कुणीतरी हवंच होतं. पण मी मागितलं, दिलंस तू." त्यानं मनगट सोडवून घेतलं आणि पांघरुणात ओढलं. "जा. दहा दिवसांत बरा नाही झालो, तर तुम्हा दोघांना एकाच दोरीला बांधीन, तुला आणि त्या क्रीटच्या गाढवाला. बरा झालो, तर शांततेच्या तहाला जर्मनांकडे तूच जाशील. तुझा द्वेष असाच ठेव. कामाला येतो."

दहा दिवसांत लाळ थांबली. दात तीन गेले. बाराव्या दिवशी बेहराम पाशा काठी टेकत दिवाणखान्यात आला आणि ज्यांनी ज्यांनी त्याच्या खुर्चीकडे बघितलं होतं त्यांची नावं त्यानं एकेक करून विचारली. पाशाला कुणी वाचवलं हे शहराला कळायला एक सकाळ पुरली. फनारच्या धक्क्यावरच्या बायका आता हसल्या नाहीत; आर्गिरिस जवळून गेला तेव्हा त्यांनी माशांवरचं फडकं ओढून घेतलं, त्याची सावली पडू नये म्हणून. दोन पाद्री त्याला बघून गल्लीत वळले. कुणीतरी त्याच्या दाराला माशांची आतडी फासून ठेवली. त्यानं नोकराला बोलावलं नाही, स्वतःच बादली घेऊन दार धुतलं.

त्याच दुपारी फान्तिनोस आला. घाम, मातीचे जोडे, हातात टोपी. वाड्यातून त्याला काढलं होतं. नुसतंच काढलं होतं, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"मलम बंद केलंस ना माझं?" उंबऱ्यातूनच तो ओरडला. "पादुआतही तू असाच होतास. दुसऱ्याचा रोगी पळवायचा, आणि वर मान ताठ! अरे, वीस वर्षं घासलीत मी या शहरात! आणि वाचवलंस कुणाला? कुणाला वाचवलंस, लाज वाटत नाही? सख्ख्या भावाच्या खुन्याला! मी तरी त्याला..." तो मध्येच थांबला. आपण काय बोलून बसणार होतो ते त्याला उशिरा कळलं असावं.

आर्गिरिसनं दाराशी ठेवलेली बादली कोपऱ्यात सरकवली. तुझा गळा मीच सोडवला, हे सांगून काय मिळणार होतं? शिव्यांऐवजी हा माणूस रडायला लागला असता, आणि ते जास्त असह्य झालं असतं. पण आतल्या खोलीतून झाफिरा बाहेर आली. हाताला पीठ तसंच.

"जोडे काढायची रीत नसली तर निदान तोंड आवरा," ती म्हणाली. "भावजींनी झानिससाठी भर छावणीत पाशाचे पाय धरले. चिखलात गुडघे टेकले. तुमच्यापैकी कोण गेलं होतं तिथं? कोण बोललं? आता पाशा वाचला तर यांचा काय दोष? हकीम आहेत ते. हकिमाला रोग्याचा जीव दिसतो, माणूस दिसत नाही. चला, निघा!"

फान्तिनोस गेला. दार आपटून गेला. झाफिरानं पुन्हा ते उघडलं, नीट लावलं, कडी घातली आणि हसून म्हणाली, "बसा. जेवून घ्या. दगदगीनं चेहरा बघा काय झालाय."

ताटात ईस्टरआधीच्या उपासाचं होतं. पांढरा घेवडा, ऑलिव्ह, माशाच्या अंड्यांचा गोळा, ताजी भाकरी. मुलगी शेजारच्या खोलीत ग्रीक धडा घोकत होती. बाहेर वारा अखेर पडला होता. आर्गिरिसनं भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून ठेवली. सांगायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. पण पाशाच्या वरच्या त्या बंद खोलीत एकदा खरं बोलून बसल्यापासून त्याच्या आतलं कुठलंतरी झाकण नीट बसत नव्हतं, आणि 'पाशाचे पाय धरले' हे शब्द आता त्याच्या कानात नुसते पडले नव्हते, आत जाऊन रुतले होते.

"मी पाय धरले नव्हते," तो म्हणाला.

"असू दे हो. गुडघे टेकले काय न् पाय धरले काय."

"मी ओकत होतो, झाफिरा. त्या घोडेवाल्यानं बघितलं तेव्हा सगळं संपलं होतं. मी ओकत होतो." आणि मग त्यानं सांगितलं. पत्र, सण, पूल, कागद, प्रश्न. शब्द एकच अर्थाचा होता हे सांगितलं. आपण काय उत्तर दिलं ते सांगितलं, तुर्कीत, जसं दिलं होतं तसंच. मग ते तिला नीट कळावं म्हणून त्याचा ग्रीकमध्ये तर्जुमा केला. सांगताना त्याचा आवाज सरळ राहिला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची भयंकर वाक्यं अशीच सरळ आवाजात सांगितली होती.

झाफिरा उभीच होती. हातावरचं वाळलेलं पीठ ती नखानं खरवडत राहिली, एकेक बोट. मुलगी आतून मोठ्यानं धडा म्हणत होती.

"झानिस होता तिथं?"

"होता."

"किती लांब?"

"दोन हातांवर."

"त्यानं ऐकलं?"

"हो."

"मग तो काय म्हणाला?"

हे आर्गिरिसनं कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही, एकांतातही नाही. त्यानं भाकरी ताटात ठेवली.

"त्यानं माझ्याकडे बघितलं. मग पाशाला म्हणाला, दादाला माझ्यापेक्षा लॅटिन चांगलं येतं. तो म्हणत असेल तर तसंच असेल. माझं चुकलं असेल."

झाफिराची नखं थांबली. तिनं प्रथमच त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्या नजरेत त्याला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं; फक्त हिशेब न लागणाऱ्या माणसाचं आश्चर्य होतं.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "आपणच चुकलो असं समजून मेला तो?"

ती आत गेली. मुलीला म्हणाली, "पुस्तक मीट, झगा घाल." मुलीनं विचारलं, "कुठं जायचंय?" "आजीकडे." "जेवून?" "नाही, आत्ता."

दोघी त्याच्यासमोरून गेल्या. मुलगी वळून त्याच्याकडे बघायला लागली तेव्हा झाफिरानं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. कडी निघाल्याचा आवाज झाला. गल्लीत कुणीतरी झाफिराला विचारलं, "काय गं, पाशाला वाचवलं म्हणून सोडून चाललीस होय?" आणि ताटासमोर बसलेल्या आर्गिरिसनं ऐकलं, ती थांबली, आणि मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही. त्याबद्दल नाही."